रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी : विषाणूसंसर्ग दोन्ही दिशांनी कसा रोखावा

हा लेख रुग्णालयात, दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत नव्याने कामाला लागणाऱ्या परिचारिका, इंटर्न डॉक्टर, तंत्रज्ञ, वॉर्डमधील मदतनीस आणि सफाई कर्मचारी या सर्वांसाठी आहे. नव्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : रुग्णाचा आजार मला तर लागणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. मात्र तोच विषाणू तुमच्या हातांवरून, तुमच्या शिंकेतून किंवा तुम्ही भरलेल्या सिरिंजमधून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापर्यंतही पोहोचू शकतो, आणि त्या रुग्णाची प्रतिकारशक्ती तुमच्याइतकी शाबूत असेलच असे नाही. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते या दोन्ही दिशा लक्षात घेऊन सांगितले आहे.

पायऱ्या कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत. तरीही सुई टोचल्यावर किंवा डोळ्यात रक्त उडाल्यावर काय करायचे हा शेवटचा भाग आधी वाचून ठेवावा, कारण त्याची गरज पडते तेव्हा लेख शोधत बसायला कोणालाच सवड नसते.

पहिली पायरी : रुजू होण्यापूर्वी लसी पूर्ण करा आणि त्यांचा उपयोग झाला का ते तपासा

सर्वांत आधी हेपॅटायटिस बीची लस. नेहमीच्या पद्धतीत तिचे ३ डोस असतात : पहिला, त्यानंतर १ महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून ६ महिन्यांनी तिसरा. डोस पूर्ण झाले की बहुतेक जण प्रमाणपत्र फाइलमध्ये लावून मोकळे होतात, आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यायची असते. हे प्रमाण १० mIU/mL (अहवालात छापलेले एकक) किंवा त्याहून अधिक आले, तर लसीने आपले काम केले असे समजावे. निरोगी तरुणांपैकी १० पैकी ९ हून अधिक जणांत ते तसे येते. कमी आले तर लसीची दुसरी मालिका घेऊन पुन्हा तपासणी करावी, आणि त्यानंतरही ते कमीच राहिले तर आपल्याला लस लागू झालेली नाही ही नोंद आपल्या वैद्यकीय फाइलमध्ये ठळकपणे करून घ्यावी. पुढे कधी सुई टोचली तर कोणते उपचार द्यायचे, हे या एका नोंदीवरून ठरते.

ही तपासणी वेळेवरच का करायची, यालाही कारण आहे. प्रतिपिंडांचे प्रमाण वर्षागणिक आपोआप उतरत जाते. लस लागू झालेल्या निरोगी माणसात ते उतरल्यावरही संरक्षण टिकून असते. पण ८-१० वर्षांनी पहिल्यांदाच तपासणी केली आणि आकडा कमी आला, तर लस मुळातच लागू झाली नव्हती की लागू होऊन आकडा नंतर उतरला, हे त्या अहवालावरून सांगता येत नाही.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे किमान २८ दिवसांच्या अंतराने २ डोस झालेले असावेत. कांजिण्या लहानपणी झाल्या असल्याची खात्री नसेल, तर रक्ततपासणी किंवा लस यांपैकी एक गोष्ट करावी. या दोन्ही लसी जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंपासून बनवलेल्या असल्यामुळे गर्भवती स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तींना त्या दिल्या जात नाहीत. त्यामुळे गर्भधारणेचा विचार असेल तर त्या आधीच उरकाव्यात आणि डोसनंतर किमान १ महिना थांबावे. इन्फ्लुएन्झाची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते, कारण तो विषाणू सतत रूप बदलतो. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्यावर लस उपलब्ध नाही. त्यांच्या बाबतीत सगळी भिस्त तुमच्या हातांच्या सवयींवर आहे.

दुसरी पायरी : विषाणू कोणत्या वाटेने येतो ते ओळखा

रुग्णालयातील विषाणू ढोबळमानाने तीन वाटांनी पसरतात. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तावाटे पसरतात. जुलाब-उलट्या घडवणारे नोरोव्हायरस व रोटाव्हायरस आणि डोळे येण्यास कारणीभूत ठरणारे अॅडेनोव्हायरस हात आणि वस्तू यांच्यावरून फिरतात. इन्फ्लुएन्झा, कोविड, गोवर आणि कांजिण्या श्वासावाटे येतात. काही विषाणू दोन वाटा वापरतात : लहान मुलांना छातीचा आजार करणारा आरएसव्ही खोकल्याच्या थेंबांतून येतो, तसाच तो खाटेच्या कठड्यावर काही तास टिकून तिथून हातांवर आणि हातांवरून नाका-डोळ्यांत जातो.

रक्तावाटे होणाऱ्या संसर्गाचे आकडे माहीत असलेले बरे, कारण त्यांच्याबद्दलची भीती आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही. विषाणू असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे १,००० पैकी ३ आहे. डोळा किंवा तोंड यांच्या ओल्या त्वचेवर रक्त उडाल्यास ती सुमारे ०.०९ टक्के आहे. हेपॅटायटिस सीच्या बाबतीत जुन्या अभ्यासांनी १.८ टक्के हा आकडा दिला होता आणि नव्या मोजणीत तो बराच खाली आला आहे. हेपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र लस न घेतलेल्या व्यक्तीला ६ ते ३० टक्के इतका धोका असतो, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. ज्याची धास्ती सर्वांत जास्त घेतली जाते तो एचआयव्ही या तिघांत सर्वांत कमी सहज लागणाऱ्यांपैकी आहे, आणि जो सर्वांत सहज लागतो त्या हेपॅटायटिस बीवर उत्तम लस असूनही तिच्याकडे दुर्लक्ष होते. पहिली पायरी इतकी लांबवण्याचे कारण हेच.

रक्ताबरोबरच मेंदू-मणक्यातील द्रव, छातीत किंवा पोटात साठलेले पाणी, गर्भजल, वीर्य आणि योनिस्राव यांनाही तितकेच जोखमीचे समजावे. घाम, अश्रू, लघवी, थुंकी किंवा उलटी यांतून, त्यात रक्त दिसत नसेल तर, हे तीन आजार पसरत असल्याचे मानले जात नाही. मात्र उलटीतून नोरोव्हायरस आणि थुंकीतून श्वसनाचे विषाणू येतात, हे विसरून चालणार नाही.

इथे एक सवय पहिल्या दिवसापासून मोडावी. काही विभागांत ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आहे अशा रुग्णाच्या केसपेपरवर खूण करतात, त्याच्यासाठी दोन-दोन हातमोजे घालतात आणि बाकीच्यांचे रक्त उघड्या हातांनी घेतात. या पद्धतीचा दुहेरी तोटा होतो. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसू लागेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात, आणि असंख्य रुग्णांची चाचणी झालेलीच नसते. म्हणजे खूण नसलेला रुग्ण निर्धोक आहे हा समज खोटा ठरतो. शिवाय ज्याच्यावर खूण केली त्याचा आजार साऱ्या वॉर्डात जाहीर होतो. रक्ताशी संबंध येणार असेल तर हातमोजे, आणि रक्त उडणार असेल तर डोळ्यांवर संरक्षण, हा नियम प्रत्येक रुग्णासाठी सारखाच ठेवावा.

तिसरी पायरी : हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण

जागतिक आरोग्य संघटनेने हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाईन लावणे किंवा ड्रेसिंग करणे यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. अल्कोहोलचे सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावे. साबण-पाण्याने पूर्ण धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. अंगठा, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या या जागा हमखास सुटतात. अंगठीखालची जागाही सुटते, म्हणून अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

पाचांपैकी पहिला क्षण सर्वाधिक चुकतो. काम संपल्यावर हात धुण्याची आठवण आपली आपण होते, कारण त्यात स्वतःची काळजी असते. रुग्णाला हात लावण्यापूर्वीची स्वच्छता केवळ त्याच्यासाठी असते, आणि गर्दीच्या वेळी तीच गळते. हातमोज्यांनी यात भरच पडते. हातमोजे चढवलेला माणूस आपण स्वच्छ आहोत अशा भावनेने रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करतो, त्याच हाताने पडदा सारतो, संगणकाच्या कीबोर्डवर नोंद करतो आणि खिशातला मोबाइल काढतो. हातमोजे एका रुग्णासाठी, एका कामापुरते असतात. ते घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर दोन्ही वेळा हात स्वच्छ करावेत, कारण त्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात माखतात.

जुलाब-उलट्यांचे रुग्ण असलेल्या विभागात सॅनिटायझरवर विसंबू नये. नोरोव्हायरसला बाहेरचे मेदाचे आवरण नसल्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच वापरावे, आणि पृष्ठभागांसाठी क्लोरीनचे द्रावण घ्यावे.

चौथी पायरी : सुई हातात घेण्यापूर्वी ती कुठे टाकणार ते ठरवा

सुई टोचण्याच्या घटना बहुतेक वेळा अवघड शस्त्रक्रियेत घडत नाहीत. रोजच्या रक्त काढण्यात, सलाईन लावण्यात आणि काम संपल्यानंतरच्या आवराआवरीत त्या घडतात. रक्त काढून झालेले असते, उजव्या हातात सुई आणि डाव्या हातात कापूस असतो, रुग्ण हात दुमडतो किंवा चक्कर येते म्हणून कलंडतो, वापरलेल्या सुया टाकायचा डबा, म्हणजे शार्प्स बिन, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि सुई क्षणभर ट्रेमध्ये, नाहीतर चादरीवर ठेवली जाते. पुढच्या क्षणी तो ट्रे उचलणारा हात तुमचा असेल किंवा तुमच्या मदतनिसाचा. हे टाळायचे तर तयारी रुग्णाला हात लावण्यापूर्वी करावी लागते. शार्प्स बिन हात लांबवला की पोहोचेल इतका जवळ आणून ठेवावा, उजेड पुरेसा आहे का ते पाहावे, आपण काय करणार हे रुग्णाला सांगून त्याला स्थिर राहायला सांगावे, आणि लहान मूल किंवा गोंधळलेला रुग्ण असेल तर धरायला दुसरे माणूस आल्याशिवाय सुरुवात करू नये. दुसरे माणूस मिळत नाही ही अडचण खरी असते, पण त्याची वाट पाहण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. तसे करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर टोपण सपाट जागी ठेवून एकाच हाताने सुईचे टोक त्यात सरकवावे आणि दुसरा हात पाठीमागे ठेवावा. सुई वाकवू नये, सिरिंजपासून हाताने वेगळी करू नये आणि एका हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये. शस्त्रक्रियेत धारदार उपकरण मधल्या ट्रेमध्ये ठेवावे, तिथून दुसऱ्याने उचलावे, आणि ठेवताना तोंडाने तसे सांगावे. बिन तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलावा. वर उरलेल्या जागेत हाताने दाबून सुया कोंबणे हा अपघाताचा हमखास मार्ग आहे. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकावी, हा नियम विशेष जपावा, कारण कचऱ्याच्या पिशवीत किंवा धुलाईच्या कपड्यांत राहिलेली सुई ज्याला टोचते त्याने ती कधी हातात धरलेलीही नसते, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हे मग शोधता येत नाही.

आता याच सुईची दुसरी दिशा. एका रुग्णासाठी एक सुई आणि एक सिरिंज हा नियम सगळे तोंडाने म्हणतात, पण तो कसा मोडतो हे बारकाईने पाहावे लागते. समजा, एका व्हायलमधून, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीतून, अनेकांना औषध द्यायचे आहे. पहिल्या रुग्णाला इंजेक्शन दिले, त्याला आणखी थोडे औषध लागले, म्हणून सुई नवी लावली आणि सिरिंज मात्र तीच ठेवून पुन्हा व्हायलमध्ये घातली. सुई नवीन असल्यामुळे हे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात सुई रुग्णाच्या शरीरात असताना सिरिंजमध्ये रक्ताचा अतिसूक्ष्म अंश मागे ओढला गेलेला असतो; तो आता व्हायलमध्ये उतरतो, आणि त्यानंतर त्या व्हायलमधून नव्याकोऱ्या सुई-सिरिंजने औषध घेतलेल्या प्रत्येक रुग्णाला तो मिळू शकतो. हेपॅटायटिस सीच्या रुग्णालयजन्य साथी याच मार्गाने झाल्या आहेत. शक्य तिथे एका डोसची व्हायल वापरावी, तिच्यात उरलेले औषध दुसऱ्यासाठी राखून ठेवू नये, अनेक डोसांची व्हायल रुग्णाच्या खाटेजवळ नेऊ नये, आणि कॅथेटर (शिरेत घातलेली नळी) फ्लश करण्यासाठी, म्हणजे धुऊन मोकळी करण्यासाठी, सलाईनची एकच पिशवी सर्वांना वापरू नये.

बोटाला टोचून साखर तपासणे इतके किरकोळ वाटते की तिथे सगळे नियम सैल पडतात. टोचण्याचे पेन एकाहून अधिक रुग्णांना कधीही वापरू नये, मग आतली सुई बदललेली असो. ग्लुकोमीटर अनेकांसाठी वापरावाच लागत असेल तर दोन रुग्णांच्या मध्ये तो निर्जंतुक करावा. हेपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तात किती दिवस टिकतो हे वर आलेच आहे.

पाचवी पायरी : मास्क निवडणे आणि संरक्षक साधने उतरवणे

इन्फ्लुएन्झासारख्या आजारात रुग्णाच्या जवळ काम करताना साधा सर्जिकल मास्क आणि गरजेनुसार डोळ्यांवर संरक्षण चालते. गोवर आणि कांजिण्या यांचे कण हवेत तरंगत राहतात; गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे २ तासांपर्यंत तिथली हवा संसर्गजन्य राहू शकते. अशा रुग्णाला दार बंद ठेवता येईल अशा, शक्यतो हवा बाहेर खेचणाऱ्या खोलीत ठेवावे, आणि त्याच्याकडे आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या कर्मचाऱ्यांनीच जावे. श्वासनलिकेत नळी घालणे, तिथला स्राव खेचणे, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे) यांसारख्या कामांत बारीक तुषार उडतात, म्हणून त्या वेळी श्वसनाच्या विषाणूंसाठी एन-९५ दर्जाचा मास्क वापरावा. हा मास्क किमान ९५ टक्के बारीक कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. घातल्यावर दोन्ही हात त्यावर ठेवून जोरात श्वास सोडून पाहावा. कडेने हवा निसटली तर पट्टी आणि नाकावरची कांब नीट करावी. दाढी असेल तर मास्क बसत नाही, एवढे स्पष्ट सांगितलेले बरे.

२००३ मधील सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत जगभर नोंदलेल्या ८,००० हून अधिक रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश आरोग्य कर्मचारी होते. त्या साथीपासून एक गोष्ट ठसली : साधने घालण्यापेक्षा उतरवताना जास्त चुका होतात. काम संपलेले असते, घाम आलेला असतो आणि बाहेर पडायची घाई असते. क्रम असा ठेवावा. आधी हातमोजे, एकाची बाहेरची बाजू दुसऱ्या हाताने धरून आत-बाहेर उलटत काढावेत, आणि दुसऱ्याच्या मनगटाजवळ आतून बोट घालून तो तसाच उलटवावा. मग हात स्वच्छ करावेत. गॉगल किंवा फेसशिल्ड मागच्या पट्टीला धरून काढावे, गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा, आणि मास्क सर्वांत शेवटी, एन-९५ असेल तर खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, समोरून हात न लावता पट्ट्यांना धरून काढावा. शेवटी पुन्हा हात. मधल्या कोणत्याही टप्प्यावर हात माखले असे वाटले तर तिथेच थांबून ते स्वच्छ करावेत. पहिल्या आठवड्यात एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला समोर उभे करून हे उतरवण्याचा सराव करावा, कारण स्वतःचा हात नकळत कपाळाकडे जातो ते दुसऱ्यालाच दिसते.

रक्त सांडले तर हातमोजे घालून आधी टिपकागदाने टिपून घ्यावे, मग विभागाने ठरवून दिलेल्या तीव्रतेचे आणि त्याच दिवशी बनवलेले क्लोरीनचे द्रावण ओतून ठरलेला वेळ राहू द्यावे. लघवीच्या मोठ्या थारोळ्यावर हे द्रावण थेट ओतू नये, त्यातून त्रासदायक वायू निघतो.

सहावी पायरी : नाजूक रुग्णांकडे जाण्याआधीचा विचार

नवजात आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांची बाळे, केमोथेरपी घेणारे, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, बराच काळ स्टेरॉइड घेणारे, डायलिसिसवरचे, गर्भवती आणि अतिवृद्ध रुग्ण यांच्यात साधा विषाणूही जिवावर बेतू शकतो. त्यांच्याबाबत दोन गोष्टी नव्या कर्मचाऱ्याला फसवतात. पहिली, प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णाला संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही, त्यामुळे थोडी सुस्ती, खाणे कमी होणे किंवा प्राणवायूची पातळी किंचित उतरणे यांची नोंद करून वरिष्ठांना कळवावे. दुसरी, असा रुग्ण बरा दिसू लागल्यावरही कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहू शकतो, म्हणून ठरलेले दिवस उलटले एवढ्यावर त्याचे विलगीकरण आपल्या मनाने उठवू नये.

नवजात शिशू कक्षात ओठावर ‘जर’, म्हणजे हर्पीसचा फोड, आलेली व्यक्ती ही खरी जोखीम असते. मोठ्यांना किरकोळ वाटणारा तो फोड बाळाच्या मेंदूपर्यंत आजार पोहोचवू शकतो. फोड उघडा असताना नवजात बाळे किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्याकडे जावे का, हे प्रभारी परिचारिकेला विचारूनच ठरवावे. बोटावर हर्पीसचा फोड असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत रुग्णांना हात लावण्याचे कामच करू नये, हातमोजे घालूनही नाही. नागीण झालेल्या कर्मचाऱ्यालाही हीच काळजी लागू आहे, कारण तिच्या फोडांतून कांजिण्यांचा विषाणू पसरतो.

डायलिसिस विभागात रक्त शरीराबाहेर फिरत असल्यामुळे हेपॅटायटिस बीचे सावट कायम असते. ज्यांना तो आजार आहे त्यांच्यासाठी वेगळी खोली, वेगळे यंत्र आणि शक्यतो त्या पाळीपुरते वेगळे कर्मचारी ठेवतात. डायलिसिसच्या रुग्णांना लस लागू होण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून त्यांना ती वाढीव मात्रेत देतात आणि प्रतिपिंडे दरवर्षी तपासतात. इतर रुग्णांच्या औषधांची तयारी यंत्राजवळच्या ट्रॉलीवर न करता वेगळ्या स्वच्छ जागी करावी.

कामाची वाटणी तुमच्या हातात नसली तरी बोलणे तुमच्या हातात आहे. एकाच पाळीत आरएसव्हीचे बाळ आणि केमोचे मूल अशी दोघेही तुमच्याकडे आली असतील, तर ते लगेच निदर्शनास आणावे. आणि ज्यांना स्वतःला गर्भधारणा झाली आहे किंवा जे प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेतात, त्यांनी ते वेळेवर सांगावे. बहुतेक कामे त्यांनाही करता येतात, केवळ कांजिण्या, गोवर किंवा रुबेला यांच्या रुग्णांकडे प्रतिकारशक्ती सिद्ध नसताना त्यांना पाठवले जाऊ नये.

सातवी पायरी : स्वतः आजारी असाल तर

ताप अंगावर काढून ड्युटी करणाऱ्याचे वॉर्डात कौतुक होते. हे कौतुक रुग्णांना महागात पडते. ताप आणि खोकला असेल तर औषध न घेता किमान २४ तास ताप नाही अशी स्थिती येईपर्यंत कामावर जाऊ नये. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावर आणखी ४८ तास घरी राहावे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवरात पुरळ आल्यापासून ४ दिवस संसर्ग पसरतो. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला आणि तुम्हाला प्रतिकारशक्ती नसेल, तर संपर्कानंतर ७२ तासांत लस घेता येते, तरीही ५ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत कामापासून दूर ठेवले जाते. कांजिण्यांसाठी हा काळ साधारण ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंतचा असतो. डोळे आले असतील तर, विशेषतः नेत्रविभागात, पाणी येणे थांबेपर्यंत येऊ नये.

आठवी पायरी : सुई टोचली किंवा रक्त उडाले तर

हातातले काम सुरक्षितपणे सोडा आणि दुसऱ्याला हाक मारा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळून रक्त काढू नका, ते तोंडात घालू नका, जखमेवर ब्लीच किंवा इतर जळजळीत रसायन ओतू नका. त्याने फायदा होत नाही आणि त्वचेला इजा होते. डोळ्यात उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती तशीच ठेवून आधी डोळा धुवावा, मग लेन्स काढून स्वच्छ करावी आणि डोळा पुन्हा धुवावा. तोंडात गेले तर थुंकून पुन्हा पुन्हा चुळा भराव्यात.

यानंतर कामाची पाळी संपण्याची वाट पाहू नका, त्याच तासात कळवा. रागावतील, निष्काळजी म्हणतील या भीतीने नवे लोक घटना लपवतात, आणि जी औषधे तासांत सुरू व्हायला हवीत त्यांची वेळ निघून जाते. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, काही तासांतच सुरू करायच्या असतात. ७२ तासांनंतर त्या सुरू करण्यात सहसा अर्थ उरत नाही. सुरू केल्या तर २८ दिवस पूर्ण कराव्यात. मळमळ किंवा थकवा आला तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर उपाय असतात.

ज्या रुग्णाचे रक्त होते त्याची संमती घेऊन त्याच्या एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या करतात, आणि तुमचेही त्या दिवशीचे रक्त घेतात. रुग्णाचा अहवाल यायला उशीर होणार असेल तर गोळ्यांची पहिली मात्रा त्यासाठी अडवू नये. अहवाल निगेटिव्ह आला तर त्या थांबवता येतात. हेपॅटायटिस बीसाठी तुमची लसीची नोंद पाहतात. प्रतिपिंडे पुरेशी असल्याचा जुना अहवाल असेल तर काही करावे लागत नाही. लस घेतलेलीच नसेल किंवा ती लागू झालेली नसेल, तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत आणि उशिरात उशिरा ७ दिवसांत, देतात. लस न घेतलेल्यांना लसीचा पहिला डोसही त्याच वेळी दुसऱ्या जागी दिला जातो. हेपॅटायटिस सीसाठी अपघातानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषध नाही, मात्र संसर्ग झालाच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

जखम खोल असणे, सुईवर रक्त दिसत असणे आणि सुई थेट शिरेतून किंवा धमनीतून काढलेली असणे यांनी एचआयव्हीचा धोका वाढतो, म्हणून कळवताना हे तपशील द्यावेत. पुढच्या तपासण्या चुकवू नयेत : एचआयव्हीसाठी साधारण ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी, काही ठिकाणी ६ महिन्यांनीही; हेपॅटायटिस सीच्या विषाणूसाठी ३ ते ६ आठवड्यांनी आणि त्याच्या प्रतिपिंडांसाठी ४ ते ६ महिन्यांनी. या काळात रक्तदान करू नये. एचआयव्हीची शंका असेल तर निरोध वापरावा आणि बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांशी बोलावे. रुग्णसेवेचे काम मात्र सोडण्याची गरज नसते. घरी जोडीदाराला काय आणि कधी सांगायचे, हा प्रश्न या आठवड्यांत रात्रीची झोप उडवतो. समुपदेशकाची वेळ घ्यायला संकोच करू नये.

घटनेच्या फॉर्ममध्ये तारीख, वेळ आणि जखमेची जागा यांच्याइतकेच महत्त्व एका रकान्याला द्यावे : कोणती सुई होती, कामाच्या कोणत्या टप्प्यावर टोचली आणि बिन त्या वेळी कुठे होता. तिथे नुसते ‘निष्काळजीपणा’ असे लिहून सही करू नये. बिन भरलेला होता, ट्रॉलीवर जागा नव्हती, मुलाला धरायला कोणी नव्हते, जे घडले ते तसेच लिहावे, म्हणजे संसर्ग नियंत्रण समितीला त्या वॉर्डातली बिनची जागा, सुईचा प्रकार किंवा माणसांची संख्या बदलण्यासाठी हाताशी आधार राहतो.